दिगूच्या बिअरला मार्क

गुऱ्हाळ पेटलं आणि काहिलीतल्या रसाला पहिली उकळी आली, की जो गोडसर, धुरकट वास सुटतो त्यानं लोकांना काय काय आठवतं. कुणाला आजोळ आठवतं, कुणाला गरम काकवीत बुडवून खाल्लेली भाकरी. मला बिअर आठवते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या, पोरांच्या दप्तरात नुसती सुपारी सापडली तरी पालकांना बोलावून घेणाऱ्या बाईला हे शोभत नाही, मला कळतं. पण नाकाला कुठं लाज असते?

परवा कळंब्याच्या घरी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तेव्हा वाऱ्याबरोबर तो वास आला. आता गुऱ्हाळं पहिल्यासारखी राहिली नाहीत, म्हणून वास आला की मी हातातलं काम टाकून उभी राहते. हे खालून म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "हंगाम सुरू झाला." ते जिना चढून वर आले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "एक नंबर." या माणसाबरोबर मी तीस वर्षं संसार केलाय. त्यांच्या 'एक नंबर'चा अर्थ काहीही असू शकतो.

आमच्या कोल्हापूरकडं दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलं आणि घरच्या बाईनं "कसं झालंय?" विचारलं, की त्याला उत्तर एकच. एक नंबर. मग रस्सा खारट असो, भाकरी कच्ची असो, मटण अजून चालतंबोलतं असो. खरं सांगायचं ते घरी गेल्यावर, पायातल्या चपला काढताना. माणूस बोलायला फटकळ, रस्त्यात अनोळखी माणसालाही चार गोष्टी ऐकवील, पण ताटावर बसला की त्याच्या जिभेला कुलूप. हे मला पहिल्यांदा कळलं ते त्र्याण्णव साली, हे मला बघायला उचगावला आले तेव्हा. गडबडीत आईनं पांढऱ्या रश्शात मीठच घातलं नव्हतं. हे चार वाट्या प्याले. चौथ्या वाटीला आईनं विचारलं, "पावणं, जमलाय का?" हे म्हणाले, "एक नंबर." आई तिथंच विरघळली आणि लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर आई जेवायला बसली, पहिला घोट घेतला आणि कपाळावर हात मारला. अप्पा एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. जीभ खोटी हाय."

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना खोट्या जिभेचा राग, कारण त्यांचं पोट खऱ्या जिभेवर चालायचं. शाहूपुरीतल्या गूळ बाजारात ते व्यापाऱ्यांना गूळ पारखून द्यायचे. सकाळी सौदा सुरू व्हायच्या आधी गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगा लागायच्या. अप्पा एकेका रव्यात सळई घालायचे, निघालेला खडा चिमटीत चोळून कणी बघायचे, मग जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. आणि थुकायचे. दिवसाला शेकडो खडे गिळले असते तर माणूस राहिला असता का? त्यासाठी त्यांची एक पितळी पिकदाणी होती, बाजारात हातात आणि घरी खाटेखाली. थुकून झालं की निकाल. "नदीकाठचा ऊस. तोडून दोन दिवस पडलेला. चुना जास्त घातलाय. साडेचार." मार्क दहापैकी. सहाच्या वर अप्पा गेलेले मी जन्मात ऐकले नाहीत. लहानपणी मी विचारलं होतं, "अप्पा, मग सात कुणाला?" ते म्हणाले, "आजून आला न्हाय तसला गूळ."

दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. त्यात धर्मबिर्म काही नव्हतं. ते म्हणायचे, "माझी जीभ म्हंजे तराजू. तराजूवर कोण दारू सांडतं व्हय?" तर अशा माणसाच्या पोटी दिगू जन्मला. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटा, त्यामुळं अर्धा भाऊ आणि अर्धा मुलगाच. दिगूला लहानपणापासून बारमाही सर्दी. गुऱ्हाळाच्या धुरानं वाढायची, पावसानं वाढायची, उन्हाळ्यात काही कारण नसताना वाढायची. दूध उतू जाऊन करपलं तरी त्याच्या नाकाला पत्ता नसायचा. याच पोरानं पुढं जाऊन काय करावं, तर बिअर.

इंजिनिअर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला, कंपनीनं सहा महिने जर्मनीला धाडला. तिकडून आला तो वेगळाच होऊन आला. म्हणायचा, "आक्का, तिथं गावागावाची आपली बिअर असते गं. ह्या गावाची त्या गावात मिळत न्हाय. आपल्या गुळासारखं हाय बघ." दोन हजार नऊच्या पावसाळ्यात त्यानं नोकरी सोडली. परवान्यासाठी त्याआधीच दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तो हातात आल्यावर घरामागच्या शेडमध्ये दोन टाक्या बसवल्या आणि ठरवलं, की इथल्या गुळाची बिअर करायची. जव भिजवायचे, शिजवायचे, त्यात गूळ घालायचा, आंबवायचं. आई म्हणाली, "म्हंजे आंबीलच की." दिगूनं ते मान्य केलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

अप्पांनी भांडण केलं नाही. ते बोलायचेच बंद झाले. शेडकडं पाठ करून खाट टाकायला लागले. एकदाच, गणपती उठल्यावर, आईला सांगितल्यासारखं करून दिगूला ऐकवलं, "गुऱ्हाळं पेटू देत. शिमग्यापर्यंत एका तरी शहाण्या माणसानं ह्याचं पाणी विकत घ्यायला पायजे. न्हाईतर गप पुण्याला जायाचं." दिगू "व्हय" म्हणाला. त्याला पुण्याला जायचं नव्हतं. तिथं तो झुरायचा, वजन घटवून यायचा. हे आईला ठाऊक, मला ठाऊक, आणि अप्पांना तर आमच्याही आधी ठाऊक होतं.

नाक नसलेल्या माणसानं बिअर करायची, तर चाखायला दुसऱ्यांच्या जिभा लागणार. दिगूनं आम्हा तिघांना धरलं. एक आमचे हे, म्हणजे त्याचे दाजी. दुसरे माझ्या शाळेतले गणिताचे कांबळे सर, ज्यांना अर्धवट हिशेब आवडत नाही म्हणून मीच सुचवले होते. आणि तिसरी मी. मी बिअर कधी प्याले नव्हते. पण दिगू म्हणाला, "आक्का, तू धाव्वीच्या पेपरात अर्धा मार्क सोडत न्हाईस. मला तसलंच माणूस पायजे." मला चढलीच, बिअर न पिता. घरी बसून मी रीतसर मार्कांचा कागद आखला. रंग दोन, वास दोन, फेस दोन, चव दोन, आणि घोट गेल्यावर मागं काय राहतं त्याला दोन. खाली 'शेरा' म्हणून दोन ओळी.

दर रविवारी दुपारी उचगावच्या अंगणात आमची सभा भरायची. खाट, तीन खुर्च्या आणि बाजूला आईच्या शेवंतीची मोठी कुंडी. समोरच्या शेतात गुऱ्हाळ चालू, चिपाडाचा धूर अंगणात. सगळ्यांनी आधी जेवायचं, कारण रिकाम्या पोटी कुणाला काही पाजणं आईच्या नियमात बसत नव्हतं. मग तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, वर भात. हाश्शहुश्श करत, डोळे पुसत आम्ही अंगणात यायचो. जिभेला इंगळ्या डसलेल्या. त्या जिभांवर दिगू आपली पंधरवड्याची मेहनत ओतायचा, आणि हातात वही घेऊन, नाक पुसत समोर उभा राहायचा.

"कसं झालंय?" तो विचारायचा.

आता सांगा. घर आमचं, पाहुणे आम्ही, पोटात त्याच्या आईचं जेवण, आणि प्रश्न तोच.

"एक नंबर," हे म्हणायचे. शेऱ्यात लिहायचे, 'थंड आहे.' कांबळे सर खूप विचार करून 'समाधानकारक' लिहायचे आणि पेनाला टोपण लावायचे. मी पहिल्या घाण्याला, म्हणजे टाकीतून निघालेल्या पहिल्या खेपेला, दहापैकी दहा दिले. दुसऱ्यालाही दिले. तिसरा घाणा तोंडात घेतला आणि मला कळलं, की काहीतरी मेलंय. पावसात भिजलेलं घोंगडं दह्यात बुडवून पिळलं, तर जे निघेल ते. मी मान वर केली. समोर दिगू, वही छातीशी धरून. आठ वर्षांचा असताना पाढे लिहिलेली पाटी दाखवायला असाच उभा राहायचा. पेपर तपासताना मी कधी नाव बघत नाही. इथं नाव समोर उभं होतं.

मी दहापैकी दहा लिहिले. शेरा लिहिला, 'उत्तम. असाच अभ्यास ठेव.' तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

दिगू आत वळला तशी मी उरलेला ग्लास शेवंतीत ओतला आणि पदरानं तोंड पुसलं.

डिसेंबरात हायवेवर हॉटेल असलेले एक गृहस्थ नमुना बघायला यायचे ठरले. मूळचे इकडचेच. त्यांना कुठला घाणा द्यावा? तिघांना विचारून दिगू दमला, कारण बेरीज केली की सगळे घाणे सारखेच पहिले. शेवटी त्यानं तिसरा निवडला. मी विचारलं, "तिसराच का रे?" तो म्हणाला, "तुझा शेरा बघून. एवढं तू कुणालाच लिहीत न्हाईस." मला बोलायला पाहिजे होतं. तेव्हा, तिथंच. मी म्हटलं, "बघ बाबा," आणि कांदा चिरायला आत गेले.

गृहस्थ आले, भरपेट जेवले, अंगणात बसले. पहिला घोट घेतला, थोडा वेळ आभाळाकडं बघितलं, आणि दिगूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एक नंबर, मालक. फोन करतो." जाताना ग्लास रिकामा होता. आम्ही सगळे हरखलो. मीसुद्धा. मला वाटलं, आपल्यालाच बिअरमधलं कळत नाही.

फोन आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मोबाइलला रेंज यावी म्हणून दिगू तो गोठ्याच्या भिंतीवर ठेवायचा आणि दिवसभर भिंतीच्या आसपास घुटमळायचा. म्हशीसुद्धा त्याच्याकडं बघायला लागल्या होत्या. एका रविवारी मी गेले तर त्याची पुण्याची बॅग माळ्यावरून खाली आलेली दिसली. झटकून, दाराशी उभी केलेली.

त्याच दुपारी आई शेवंतीवरून ओरडायला लागली. ऐन बहराच्या दिवसांत कुंडीनं मान टाकली होती, पानं काळी पडली होती. अप्पा खाटेवरून उठले. कुंडीपाशी उकिडवे बसले, मातीचं ढेकूळ चिमटीत घेतलं, रव्यातला खडा चोळावा तसं चोळलं आणि नाकाशी नेलं. डोळे मिटले. आम्ही तिघं खुर्च्यांवर दगड होऊन बसलो.

"जव करपलाय," अप्पा म्हणाले. "आणि आंबवण लई दिवस ठेवलंय. गूळ दोन नंबरचा हाय." मग डोळे उघडले. "कुणी कुणी वतलं हितं?"

"मी एकदाच," हे म्हणाले.

"मी तीनदा," कांबळे सर म्हणाले. "चार वेळा. पण थोडी थोडी."

"मी दर रविवारी," मी म्हटलं.

"आणि ते हाटेलवालं?"

ते कुठं बसले होते, ते आम्हाला एकदमच आठवलं. कुंडीला टेकून.

अप्पांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "त्याचं नाक बंद हाय म्हणून त्यानं तुमची जीभ मागून घेतली," ते म्हणाले, "आणि तुम्ही त्याला गोड बोलून मारलासा. वैरी बी असं करत न्हाय. पावण्यांचं मी धरत न्हाय, ते पयल्यापासून तसलंच. पण तू तर पेपर तपासतीस."

शेडच्या दारात दिगू उभा होता. किती वेळ, कोण जाणे. "आक्का," तो म्हणाला, "धापैकी धा?"

माझ्या आयुष्यात नापास झालेल्या पोरांच्या आया शाळेत येऊन मला काय काय बोलून गेल्या आहेत. त्यातलं काही मला लागलं नाही. हे लागलं. मला त्या अंगणात तोंड लपवायला जागा उरली नाही. मी रडले, आणि रडताना म्हटलं, "शून्य होतं रे ते, दिगू. अंगावर काटा आला होता माझ्या." आश्चर्य म्हणजे तो हसला. नाक पुसत म्हणाला, "मग हेच आधी लिव्हायचं की."

अप्पांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले. "भांडं आण," ते दिगूला म्हणाले, चार महिन्यांत पहिल्यांदा थेट त्याला. "आणि माझी पिकदाणी आण."

त्या दिवसापासून रश्शाची वेळ बदलली. आधी चाखायचं, मग जेवायचं. आई रुसली, पण अप्पांपुढं तिचं चाललं नाही. अप्पा घोट तोंडात घ्यायचे, गालात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि पिकदाणीत थुकायचे. थेंब आत जाऊ द्यायचे नाहीत. पहिला निकाल लागला, "दीड." दिगूनं लिहून घेतला. "गार करून का देतोस?" अप्पांनी विचारलं. "गार केल्यावर सगळं लपतं. चोराला अंधार दिल्यासारखं हाय ते. कोमट दे." फेसावरून तर दोघांचं रीतसर भांडण झालं. अप्पांच्या हिशेबी तो फेस म्हणजे काहिलीत रसावर तरंगणारी घाण, मळी, जी गूळ करणारा गुळव्या झाऱ्यानं काढून टाकतो.

"मळी काढ की वरची."

"अप्पा, त्यो फेस असाय लागतोय."

"मळी ठिवून गूळ कोण विकतं का?"

"जर्मनीत ठिवत्यात."

"मग जर्मनीत गुळव्या चांगला न्हाय."

दुसऱ्या रविवारी अप्पांनी बाजारातून स्कूटरवर एक रवा आणला आणि शेडच्या दारात आदळला. "घरात पारखी असताना दोन नंबरचा गूळ आणतोय," असं म्हशींना सांगत आत गेले. त्या रव्याचा घाणा आला तो तीनचा. त्यानंतरचा साडेतीन. "आता जव करपत न्हाय. पण माघारी कडू ऱ्हातंय, सरकारी औषधावानी." मग साडेचार. आम्ही तिघंही आता खरं लिहायला शिकत होतो. सोपं नव्हतं ते. यांनी पहिल्यांदा 'आवडली नाही' लिहिलं ते भिंग लावूनच वाचता येईल एवढ्या बारीक अक्षरात, आणि कांबळे सरांनी दिगूला चार मार्क देऊन त्याची माफी मागितली. मीही कागदावरचं नाव झाकून मार्क द्यायला लागले, म्हणजे दिगूला पाठ करून उभा राहायला सांगायचे.

मी कधी कधी विचार करते, गोड बोलणं आपल्याला कुणी शिकवलं असेल. वाईट हेतू नसतोच. समोरच्याचं तोंड उतरू नये, एवढंच. पण त्या हंगामात मला कळलं, की ज्याचं तोंड आपल्याला उतरू द्यायचं नसतं, त्याच्यासाठी कधी कधी थुकावं लागतं. शाळेत मी पुढं हे पोरांना सांगायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले, कारण उदाहरण बिअरचं होतं.

अप्पा गेल्यावर घरातलं मी काही मागितलं नाही, ती पिकदाणी तेवढी मागितली. टेबलावर आहे. तिच्यात मी लाल पेनं ठेवते. येणारे जाणारे विचारतात, फुलदाणी का? मी व्हय म्हणते.

त्या वर्षी शिमगा चार दिवसांवर आला होता. समोरचं गुऱ्हाळ आदल्या दिवशीच थंड झालं होतं, वास विरत चालला होता. दिगूची बॅग दाराशीच होती. शेवटचा घाणा त्यानं कुणाला न सांगता केला होता आणि तो अंगणात आणला, तेव्हा त्याची सर्दी एवढी जोरात होती की डोळ्यांतूनही पाणी येत होतं. निदान आम्ही तसं धरून चाललो. कांबळे सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. आई रश्शाचा गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहिली. रंग काकवीचा, आणि ग्लास जवळ आला तसा मला वास आला. पेटत्या गुऱ्हाळाचा. ते तर आदल्या दिवशीच विझलं होतं.

अप्पांनी घोट तोंडात घेतला, गालात फिरवला आणि डोळे मिटले. खूप वेळ मिटून बसले. दिगू पाठ करून उभा होता, मीच लावलेल्या शिस्तीप्रमाणे, त्यामुळं त्याला दिसलं नाही. आम्हाला दिसलं. अप्पांचा कंठ वर गेला आणि खाली आला.

"सहा," अप्पा म्हणाले.

"घेतलं शहाण्या माणसानं," असं पुटपुटत आई वळली, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकली. दिगू तसाच पाठमोरा उभा, खांदे हलत होते.

मला मात्र राहवलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय. "अप्पा," मी हळूच म्हटलं, "थुकला न्हाईसा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पायाशी असलेल्या पिकदाणीकडं बघितलं. "भरलीय ती," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. आईनं सकाळीच चिंच लावून घासली होती. आत कोरडी ठणठणीत.

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "काठोकाठ भरलीय."